टाळ्यांनी ऋण फिटत नाही!

२२ मार्च २०२०, रविवार. सायंकाळचे पाच वाजले आणि आमच्या बोरगाव मेघेच्या गल्लीत एकच गलका उडाला. कोणी थाळी घेऊन गच्चीवर चढले, कोणी घंटी घेऊन गेटसमोर उभे राहिले, पोरांनी तर स्टीलचे डबे बडवून फोडायचेच बाकी ठेवले. डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्याबद्दल देशाने कृतज्ञता व्यक्त करायची, असे ठरले होते. आमची आई ओसरीवर बसून हे सारे पाहत होती. तिने विचारले, ‘‘कायले वाजवून राह्यले रे सारे?’’ आम्ही म्हटले, ‘‘जे लोक आपल्यासाठी राबून राह्यले त्याईचे आभार मानायले.’’ त्यावर आई म्हणाली, ‘‘मंग त्याईले दारात बोलावून कोनी चहा त देत नाई!’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या माणसाच्या हातात मोजे नव्हते. तोंडाला जुना दुपट्टा गुंडाळलेला होता. काल ज्या दारात थाळी वाजली त्याच दारातून कचऱ्याची बादली त्याच्याकडे पायाने सरकविली गेली. आईचे बोलणे आम्हाला त्या सकाळी पटले आणि पुढे वर्षभर पुन्हा पुन्हा आठवत राहिले. कृतज्ञता म्हणजे नेमके काय? ती कोणाबद्दल बाळगायची आणि ती व्यक्त कशी करायची? या प्रश्नांचा हिशोब आमच्या पाच माणसांच्या घराने त्या महामारीच्या वर्षात जसा जुळविला, तसाच तो समाजबांधवांपुढे ठेवत आहोत.

बोरगाव मेघे हे वर्धा शहराला लागून असलेले गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची गणना शहरात झाली, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. शेतीवरून उठलेली, खेड्यापाड्यातून पोटापाण्यासाठी आलेली माणसे इथे एकेक खोली वाढवत घर बांधतात. सेवाग्राम आणि सावंगी मेघे येथील मोठी रुग्णालये जवळच असल्यामुळे आमच्या वस्तीतील बायामाणसे रुग्णालयात आया, वॉर्डबॉय, सफाई कामगार, पहारेकरी म्हणून राबतात. बाकीचे ऑटो चालवितात, मिस्त्रीच्या हाताखाली जातात, दुकानात नोकरी करतात. आम्ही स्वतः एका छापखान्यात कामाला होतो. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, जयंतीची पत्रके आणि फ्लेक्स हे आमचे काम. मार्च ते मे हा छापखान्याचा हंगाम. बाबासाहेबांची जयंती आणि लग्नसराई या दोन्हींवर आमचे वर्ष चालायचे. नेमका तोच हंगाम बुडाला. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद पडला.

मालकाने मार्चचा पगार पूर्ण दिला, एप्रिलचा अर्धा दिला आणि मे महिन्यात हात वर केले. काम नाही तर पैसा कोठून आणू, हे त्याचे म्हणणे. पण आमच्या घरात पाच पोटे होती. आई, आम्ही उभयता, नववीतून दहावीत गेलेली मुलगी आणि सहावीतला मुलगा. अशा वेळी चुलीला आधार दिला तो रेशनच्या धान्याने. अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे आमच्या कार्डावर माणशी पाच किलो धान्य दोन रुपये किलो गहू आणि तीन रुपये किलो तांदूळ या दराने मिळत होतेच. एप्रिल २०२० पासून त्यावर माणशी पाच किलो तांदूळ मोफत मिळू लागला आणि ही योजना पुढे नोव्हेंबरपर्यंत चालली. पाच माणसांचा पंचवीस किलो तांदूळ! ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या आईला रोज भात जड जायचा, तरी तिने तक्रार केली नाही.

रेशनच्या रांगेत एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, ‘‘सरकारचे उपकार माना, नाही तर उपाशी मेले असते.’’ रांगेतील कोणी काही बोलले नाही. आम्हालाही त्या वेळी उत्तर सुचले नाही. परंतु घरी येईपर्यंत ते वाक्य काट्यासारखे टोचत राहिले. उपकार कसले? लोकांचे पोषण आणि आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. २००१ साली अन्नाच्या हक्कासाठी काही कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. कोठारे भरलेली असताना माणसे उपाशी का, हा त्यांचा सवाल होता. वर्षानुवर्षे लढा चालला आणि २०१३ साली कायदा झाला. शिवाय आगपेटीपासून साबणापर्यंत प्रत्येक वस्तूवर गरीब माणूस कर भरतो. मग त्याच्याच पैशातून त्याला मिळालेले धान्य दान कसे ठरते? जे हक्काचे आहे त्याबद्दल हात जोडायला लावणे ही जुनीच रीत आहे. गावकीची भाकर मागायला लावणारी व्यवस्थासुद्धा त्या भाकरीला उपकारच म्हणत होती!

मग आम्ही कोणाचेच आभार मानायचे नाहीत काय? तसे मुळीच नाही. टाळेबंदीत पोती उतरविणारे हमाल, दिवसभर तोंड बांधून माप टाकणारा दुकानातील मुलगा, तो तांदूळ पिकविणारा शेतकरी, यांचे ऋण आमच्यावर आहेच. घरी जयंतीसाठी छापलेले, पण बिनकामाचे झालेले एक पावतीपुस्तक पडून होते. त्यावर ‘दात्याचे नाव’ आणि ‘रक्कम’ असे रकाने होते. आमच्या मुलीने त्याच रात्री त्यात पहिली नोंद केली. ज्यांचे नाव ठाऊक नव्हते तिथे तिने ‘हमालदादा’ असे लिहिले आणि रकमेच्या रकान्यात ‘बाकी’ असे लिहिले. तेव्हापासून ते पुस्तक आमच्या घरात देण्याची वही झाले.

त्या वहीत दुसरे नाव घरातलेच लिहावे लागले. आमची सहचारिणी बचत गटात आहे. मास्कचे काम गटाला मिळाले तेव्हा तिने शिलाई मशीन ओसरीवर ओढली. सकाळी पाचला उठून पाणी भरायचे, चूल, आईचे औषध, मुलांचे जेवण, भांडी, कपडे आणि त्यानंतर रात्री अकरापर्यंत मशीन. एका मास्कला चार रुपये शिलाई. मे आणि जूनमध्ये किराण्याची उधारी याच चार-चार रुपयांनी फेडली. आम्ही घरीच होतो, तरी पहिले पंधरा दिवस आम्ही एक कप विसळून ठेवला नाही, हे इथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे. समतेवर भाषणे ऐकणारे, पत्रके छापणारे आम्ही घरात मात्र आयत्या ताटावर बसत होतो! बाबासाहेबांनी १९४० साली ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ रमाईच्या स्मृतीस अर्पण केला. तिच्या मनाचा चांगुलपणा आणि हलाखीच्या दिवसांत सोबतीने सोसण्याची तिची तयारी यांबद्दलची कृतज्ञता त्या अर्पणपत्रिकेत आहे. एवढा मोठा विद्वान आपल्या ग्रंथाच्या पहिल्या पानावर घरातील स्त्रीचे ऋण मान्य करतो आणि आम्ही भांडे विसळायला लाजतो! मुलीने हे आम्हाला स्पष्ट शब्दांत सुनावले. त्या दिवसापासून पाणी भरणे आणि भांडी ही कामे आमच्याकडे आणि मुलाकडे आली. ती आजही आमच्याकडेच आहेत.

१४ एप्रिल २०२०. त्या दिवशी सकाळी दहा वाजता टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याची घोषणा झाली. बाबासाहेबांची जयंती, आणि वस्तीत ना मिरवणूक, ना निळे झेंडे हाती घेतलेली गर्दी. आम्ही घरात प्रतिमेसमोर मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील घेतले आणि गूळ घालून तांदळाची खीर केली. रेशनचाच तांदूळ. विहाराच्या पोरांनी जयंतीची जमा झालेली वर्गणी किराण्याच्या पिशव्यांसाठी वापरायचे ठरविले. डीजे आणि फ्लेक्सवर जाणारा पैसा तेल, तूरडाळ, मीठ-मिरचीत गेला. पिशव्या देताना जात विचारली नाही. फोटो काढायचा नाही, असे विहारातील ज्येष्ठ उपासकांनी पोरांना बजावले होते. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे देऊ नये, हे त्यांचे म्हणणे. देण्याच्या या रीतीत जो धम्म आहे तो पन्नास फ्लेक्सने दिसला नसता.

याच दिवसांत परगावचे मजूर रस्त्याने पायी निघाले होते. मे महिन्याच्या सुरुवातीला वर्धा जिल्हा राज्यातील मोजक्या हिरव्या पट्ट्यांत होता. इथे रोग नव्हता, पण भूक होती. एप्रिलच्या सुरुवातीलाच वर्ध्याकडून तामिळनाडूतील नामक्कलला पायी निघालेला एक तरुण विद्यार्थी सिकंदराबादच्या निवाऱ्यात दगावल्याची बातमी आली होती. ती वाचून आई दोन दिवस नीट जेवली नाही. ‘‘आपल्या दारावरून गेलं आसंन का रे ते लेकरू?’’ असे ती विचारत राहिली. आमच्या दारावरून ते गेले नसेलही. पण ज्या शहराच्या शेजारी आम्ही राहतो तिथूनच त्याला चालत निघावे लागले, ही लाज आमचीही आहे. त्यानंतर वस्तीतील बायांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ मांडले आणि भाकर-चून बांधून ठेवू लागल्या.

त्या वर्षात एक शब्द आमच्या कानावर सतत आदळत होता, ‘सोशल डिस्टन्सिंग’, म्हणजे सामाजिक अंतर. वास्तविक पाहता आजारासाठी गरज होती ती शारीरिक अंतराची. सामाजिक अंतर तर या देशात हजारो वर्षे पाळले गेले! पाणवठा वेगळा, मसणवट वेगळी, वस्ती गावाबाहेर. तो शब्द ज्यांना सहज वाटला त्यांच्या पाठीवर तो इतिहास नव्हता. आमच्या मनात मात्र तो शब्द खुपत होता आणि सप्टेंबरमध्ये त्याचा अर्थ प्रत्यक्ष भोगावा लागला.

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई घरोघर फिरत होत्या. त्यांनी आईच्या बोटाला ते छोटे यंत्र लावले. आकडा ९१. आईला ना खोकला, ना धाप. आम्ही म्हटले, यंत्र बिघडले असेल. आशाताईंनी यंत्र स्वतःच्या बोटाला लावून दाखविले, ९८. ‘‘दादा, आता वाद घालू नका, गाडी बोलावते,’’ म्हणून त्यांनीच १०८ ला फोन केला. आई नऊ दिवस रुग्णालयात राहिली. डॉक्टर पुढे म्हणाले, दोन दिवस उशीर झाला असता तर कठीण होते. आईचा जीव वाचला तो एका आशाताईच्या हट्टामुळे, हे आम्ही कधीही विसरू शकत नाही.

आमचा आणि सहचारिणीचा नमुनाही बाधित निघाला. दारावर कागद लागला, गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधला गेला. त्याचे आम्हाला काही वाटले नाही. ती खबरदारी होती आणि योग्यच होती. परंतु तिसऱ्या दिवशी गल्लीतील काही मंडळींनी निरोप धाडला की तुमच्या घरातील कोणीही सार्वजनिक नळावर यायचे नाही, मुलांनीसुद्धा नाही. मुलांचा नमुना निर्दोष होता, हे सांगूनही उपयोग झाला नाही. एकाने तर ‘यांच्या घरी तसेही स्वच्छता नसते’ असे म्हटल्याचे कानावर आले. म्हणजे रोग नवीन, पण बोलणे जुनेच! २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्याला ९३ वर्षे होऊन गेली होती आणि आमची मुले घरात रिकामा ड्रम पाहत बसली होती.

त्या संध्याकाळी समोरच्या काकू आल्या. त्या कुणबी समाजाच्या. त्यांच्याकडे बोअर आहे. त्यांनी आपला पाईप रस्ता ओलांडून आमच्या आवारात आणला आणि ड्रम भरला. गल्लीतील कोणी हटकले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘रोगी मानसाले पानी नाई देशान त कोनाले देशान?’’ चौदा दिवस त्यांचा पाईप सकाळ-संध्याकाळ आमच्या दारी येत होता. विहाराची पोरे औषधे आणून गेटवर ठेवत. आणि कचऱ्याच्या गाडीवरचा तोच माणूस, ज्याच्या हातात मोजे नव्हते, तो आमच्या घरची वेगळी पिशवी न चुकता नेत होता. आम्ही खिडकीतून हात जोडले तेव्हा त्यानेही ‘जयभीम’ घातला. सहा महिने तो आमच्या दारी येत होता आणि आम्ही कधी त्याचे नाव विचारले नव्हते! आजारी पडल्यावर ते विचारले. मुलीने ते वहीत लिहिले.

आई बरी होऊन आली तेव्हा तिने आपल्या आजीकडून ऐकलेली गोष्ट मुलांना सांगितली. १९१८ सालच्या तापाची. मराठी मुलखात लोक त्याला मानमोडी म्हणत. आमच्या या मध्य प्रांतात त्या तापाने फार माणसे नेली. घरातली सारी माणसे एकदम अंथरुणाला खिळली की पाणी द्यायलाही कोणी उरत नसे. ‘‘तवा आपल्याले कोन इचारत होतं? मेलं त मेलं,’’ असे आई म्हणाली. त्या वेळी मोजणीत नसलेली माणसे आणि आज आशाताईंच्या वहीत ज्यांचे नाव, वय आणि ऑक्सिजनचा आकडा लिहिलेला आहे ती माणसे, या दोहोंमध्ये शंभर वर्षे आहेत आणि बाबासाहेब आहेत.

रोग्याची सेवा हा आमच्या परंपरेत नवा विषय नाही. पोटाच्या आजाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला. इतर भिक्खूंनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती, कारण तो कोणाच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. माझी सेवा करू इच्छिणाऱ्याने रोग्याची सेवा करावी, अशा आशयाचा उपदेश त्यांनी संघाला केला. बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात आवर्जून घेतला आहे. आणि क्रांतीज्योती सावित्रीबाई? १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ मुलगा डॉ. यशवंत याच्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोहोचवीत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणले, त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचे निधन झाले. ज्या काळात सावली टाळली जात होती त्या काळात सावित्रीबाईंनी लेकरू पाठीवर घेतले! आमच्या आशाताई, आया आणि परिचारिका याच परंपरेच्या वारस आहेत. त्यांना ते ठाऊक असो वा नसो.

मुलांच्या शिक्षणाचे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. शाळा मोबाईलवर आली आणि घरात मोबाईल एकच. मुलगी दहावीला, मुलगा सहावीला. सकाळी तिचा वर्ग, दुपारी त्याचा. रिचार्ज संपला की दोघांचाही वर्ग बंद. गल्लीतील चार-पाच मुलांकडे तर तोही नव्हता. मग विहाराच्या ओसरीवर तोंडाला मास्क लावून, अंतर ठेवून मुलगी संध्याकाळी लहान मुलांना गणित शिकवू लागली. ज्या काकूंनी पाणी दिले त्यांचा नातूही त्यात होता. आमच्या घराने केलेली ही पहिली परतफेड. २०२१ ची दहावीची परीक्षा शेवटी रद्दच झाली. मुलगी हिरमुसली. परंतु त्या ओसरीवर तिने जी परीक्षा दिली तिचे गुण कोणत्या मंडळाने द्यावेत?

२०२० च्या दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणे झाले नाही. नागपूर आमच्यापासून पाऊणशे किलोमीटर, दरवर्षी आम्ही सारे जातो. त्या वर्षी सोहळाच नव्हता. ६ डिसेंबरलाही घरूनच अभिवादन केले. वाटले, संकट सरले. १६ जानेवारी २०२१ ला लसीकरण सुरू झाले. आणि मग एप्रिल २०२१ उजाडला.

ती दुसरी लाट आठवली की आजही अंगावर काटा येतो. खाटांसाठी धावाधाव, ऑक्सिजनसाठी धावाधाव, रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी विनवण्या. वर्ध्यातील कारखान्यात त्या औषधाचे उत्पादन सुरू झाले ते मे महिन्यात. त्याआधीच आमच्या विहारात दर पौर्णिमेला वंदना घेणारे, वर्गणीच्या पिशव्यांचे फोटो काढू नका म्हणणारे ते ज्येष्ठ उपासक गेले. पाच दिवसांचा खेळ झाला. अंत्यसंस्काराला मोजक्याच माणसांना परवानगी. प्लास्टिकच्या कपड्यांत गुरफटलेल्या चार कामगारांनी त्यांना उतरविले. त्यांच्या मुलाने मोबाईलचा स्पीकर सुरू केला आणि विहारातून आम्ही सर्वांनी त्रिशरण-पंचशील म्हटले. ते संपेपर्यंत ते चारही कामगार त्या उन्हात उभे राहिले. त्यांना घाई होती, मागे आणखी गाड्या होत्या, तरी ते थांबले. पुढे चौकशी केली तेव्हा कळले की चौघांपैकी एकही कायम नोकरीत नव्हता.

इथेच आमचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. कृतज्ञता म्हणजे काय? बुद्धवचनात कृतज्ञता हे मंगल मानले आहे. जगात दोन प्रकारची माणसे दुर्मीळ आहेत, असेही तथागत सांगतात. एक, जो आपण होऊन आधी दुसऱ्याचे भले करतो आणि दुसरा, जो केलेले स्मरतो व त्याची परतफेड करतो. नुसते स्मरणे पुरेसे नाही, परतफेडही हवी. याच्या जोडीला बाबासाहेबांचा इशारा ठेवला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बोलताना त्यांनी आयरिश देशभक्त डॅनियल ओकॉनेल यांचा दाखला दिला. त्याचा आशय असा की, आपला सन्मान गमावून कोणताही माणूस कृतज्ञ राहू शकत नाही आणि आपले स्वातंत्र्य गमावून कोणतेही राष्ट्र कृतज्ञ राहू शकत नाही. थोर पुरुषांच्या चरणी आपले हक्क वाहू नका, हा त्या भाषणाचा इशारा होता. म्हणजे कृतज्ञतेच्या दोन सीमा झाल्या. खालची सीमा परतफेडीची. तिच्या अलीकडे राहिले तर तो कोरडा शिष्टाचार. वरची सीमा स्वाभिमानाची. ती ओलांडली तर ती लाचारी. रांगेतील तो गृहस्थ आम्हाला लाचारी शिकवीत होता आणि थाळ्या वाजविणारे कोरडा शिष्टाचार पाळत होते.

ज्यांच्यासाठी थाळ्या वाजल्या त्यांचे पुढे काय झाले ते पाहा. मे २०२० मध्ये, म्हणजे थाळ्यांचा आवाज विरण्याआधीच, उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने बहुतेक कामगार कायदे तीन वर्षे गुंडाळून ठेवणाऱ्या अध्यादेशाला मंजुरी दिली. गुजरातने कारखान्यांत बारा तासांची पाळी आणली. ती अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला रद्द केली. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना बाबासाहेबांनी कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून जे कष्ट घेतले त्यावर महामारीचे निमित्त करून पाणी फिरविण्याचा हा डाव होता. आपल्या महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशाताईंना १५ जून २०२१ पासून संपावर जावे लागले. दुसरी लाट नुकतीच ओसरत होती. आठवडाभराने त्यांच्या पदरात काय पडले? मानधनात महिना एक हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता! मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा जागतिक पुरस्काराने गौरव केला. जगाने सन्मान केला, तरी २०२३ मध्ये त्यांना पुन्हा संपावर बसावे लागले. ज्यांनी आमच्या आईच्या बोटाला यंत्र लावले त्यांना अजून ‘कर्मचारी’ म्हणायला सरकार तयार नाही. त्या स्वयंसेविका, आणि त्यांना मिळते ते मानधन! शब्दांचा हा खेळ ओळखला पाहिजे. राबणाऱ्याला सेविका म्हटले की पगार द्यावा लागत नाही, आणि वर थाळी वाजविली की समाजाला आपण फार मोठे आहोत असे वाटते.

२०२१ च्या जूनमध्ये आशाताईंचा मोर्चा निघाला तेव्हा आमची सहचारिणी आणि समोरच्या काकू पाण्याचे कॅन घेऊन गेल्या. आम्ही त्यांची पत्रके छापून दिली. छापखाना तेव्हा नुकता सुरू झाला होता. कागद आमच्या पदरचा, मजुरी घेतली नाही. त्यात आमचे कौतुक काही नाही. मुलीने वहीतील आशाताईंच्या नावापुढे ‘बाकी’ लिहिले होते, ते खोडून ‘थोडी फेड’ असे लिहिले. कचऱ्याच्या गाडीवरच्या भावासाठी वस्तीने ठेकेदाराकडे मोजे, बूट आणि ओळखपत्र मागितले. मोजे मिळाले, बूट मिळाले, कायम नोकरी अजून मिळालेली नाही. ती बाकी वहीत तशीच आहे.

समाजबांधवहो, त्या वर्षात तुमच्याही घरी कोणीतरी पाणी आणले असेल, कोणी डबा ठेवला असेल, कोणी तुमच्या माणसाला शेवटचा खांदा दिला असेल. त्यांची नावे आठवा. ठाऊक नसतील तर विचारा. आपल्या पोराबाळांना ती सांगा. पण तेवढ्यावर थांबू नका. ते जेव्हा आपल्या हक्काच्या वेतनासाठी रस्त्यावर उतरतील तेव्हा आपण त्यांच्या बाजूला उभे आहोत काय, हे तपासा. ती माणसे बहुतेक आपल्याच समाजातली आहेत, काही आपल्या समाजाबाहेरची आहेत. ऋण दोघांचेही सारखेच आहे. आणि जो कोणी तुमच्या हक्काच्या भाकरीला उपकार म्हणेल त्याला नम्रपणे, पण ठामपणे संविधान दाखवा.

आमची आई आता थकली आहे. कचऱ्याची गाडी आली की ती ओसरीवरून हाक मारते, ‘‘भाऊ, चहा ठेवला हाय, पेऊन जाय.’’ तो आत येतो, खुर्चीवर बसतो आणि आमच्याच कपातून चहा घेतो. कप आम्ही विसळतो.

जयभीम!